अप्पांच्या सायकलचा आरसा

अप्पा पूर्ण तयारीनिशी लेकीबरोबर सायकलच्या दुकानात शिरले, पण दुकानदाराच्या मिश्या त्यांनी हिशेबात धरल्या नव्हत्या.

छापखान्यातल्या यंत्रापाशी तीस वर्षं काढल्यावर अप्पांचे कान केव्हाच निवृत्त झाले होते. अप्पा मात्र झाले नव्हते. समोरच्याचे ओठ वाचून ते बेमालूम गप्पा मारत. चष्म्याच्या दुकानातले तयार चष्मे घरोघरी पोचवायचं काम सोमवारपासून सुरू होणार होतं. लेकीने त्यासाठी नवी सायकल घेऊन दिली, पण बजावून ठेवलं, "कानांचं काही लपवलंत, तर सायकल आल्या पावली परत."

आणि इथे तर मिश्यांच्या झुडपामागे ओठ आहेत की नाहीत, याचाच पत्ता लागेना.

मिश्या हलल्या. "हो, हो," अप्पा म्हणाले. पुढ्यात बास्केट आली. बरं झालं. मिश्या पुन्हा हलल्या. "लावा की!" आली लहान मुलाची खुर्ची.

"अप्पा, यात कोण बसणार?" लेकीचे ओठ स्वच्छ वाचता येत.

"चष्म्यांचा डबा! पट्टा आहे ना. लोकांची नजर असते ती, पडून कसं चालेल?"

"डब्याला पाय ठेवायचीही सोय आहे हो."

ती हसली, पण डोळे काही हसले नाहीत. वीस वर्षं परीक्षेच्या वर्गांत फेऱ्या मारलेली मास्तरीण होती ती. कॉपी करणारा तिला नुसत्या मानेवरून कळायचा.

खुर्ची परत गेली. दिवा आला, पंप आला. मग दुकानदाराने दोन घंट्या मांडल्या. आता मेलो! अप्पांनी दोन्हींवर अंगठा दाबला. दुसरीची थरथर थेट मनगटापर्यंत चढली.

"ही घ्या. कशी खणखणीत आहे!"

लेकीने मान डोलावली. सुटलो बुवा! त्या आनंदात अप्पा सीटवर चढून बसले आणि हँडलला आरसा लावून बघू लागले. लेक मागे जाऊन उभी राहिली. आरशात तिचे ओठ हलले : कुलूप साखळीचं घ्यायचं की केबलचं?

"साखळीचंच. केबल काय, कोणीही कापेल," अप्पा ऐटीत म्हणाले.

दुकानदाराचा हात जागीच थांबला. त्याने लेकीकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, आणि त्याचा जबडा असा वासला की मिश्यांआडचे ओठ प्रथमच उघड्यावर आले.

"अहो काका, ताई बोलल्याच नाहीत! नुसते ओठ हलवले त्यांनी."

लेक समोर आली. "किती वर्षं झाली?"

"चार."

"टीव्हीचा आवाज बारीक ठेवायचात. आम्ही म्हणायचो, किती समजूतदार!"

अप्पांनी हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "सोमवारी कामावर जायचंय गं."

"उद्या कानाचा डॉक्टर. यंत्र दिलं तर कानात घालायचं, कपाटात नाही. तो हो म्हणाला तरच सोमवार. नाही म्हणाला, तर सायकल मी चालवीन आणि चष्मे तुम्ही पुसाल." ती दुकानदाराकडे वळली. "आरसे दोन्ही बाजूंना लावा."

मिश्या पुन्हा हलल्या. 'हो, हो' अप्पांच्या जिभेवर आलंच होतं. त्यांनी ते गिळलं.

"काय म्हणालात?" ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही हो."

दुकानदाराने दोन बोटांनी मिशी वर धरली आणि पुन्हा विचारलं, "गोल लावू, की चौकोनी?"