बिंदू क्रमांक सातचं पाणी

नदी तीन राज्यांतून वाहत होती, हा सगळा तिचाच दोष. एकाच राज्यात उगम पावून तिथल्या तिथे समुद्राला मिळाली असती, तर कुणाच्या डोक्याला ताप झाला नसता. पण बाईसाहेबांना हिंडायची हौस! मग ती घाण झाल्यावर तिन्ही सरकारांना एकत्र यावं लागलं, आणि सरकारं एकत्र आली की जे होतं तेच झालं. मंडळ स्थापन झालं. 'संयुक्त नदीखोरे पुनरुज्जीवन व संरक्षण मंडळ'. नाव इतकं लांब की दारावरच्या पाटीत ते 'संरक्षण'पर्यंतच मावलं, आणि 'मंडळ' शेजारच्या भिंतीवर रंगवून घ्यावं लागलं.

या मंडळात बाटलीमास्तर नोकरीला होता. पद 'कनिष्ठ नमुना सहायक', पण चौदा वर्षं बाटल्या भरणाऱ्या माणसाला पदाने कोण हाक मारतो? नदीचं पाणी बाटलीत भरायचं, बूच लावायचं, प्रयोगशाळेत पोचवायचं आणि आलेला आकडा संगणकात टाकायचा, एवढंच काम. कामाला चोख होता, पण स्वभावाने भित्रा. साहेबांनी नुसतं "अहो" म्हटलं तरी खुर्चीतून उठायचा, आणि साहेब बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाला तरी बोलावत असायचे.

नमुना घ्यायचा कुठून, यावरून सुरुवातीची अडीच वर्षं भांडण चाललं होतं. प्रत्येक राज्याला आपल्या काठचं पाणी तीर्थ वाटायचं आणि शेजाऱ्याचं गटार. शेवटी ठरलं की नमुने बरोबर मधोमध घ्यायचे, ठरलेल्या अकरा बिंदूंवरच. बिंदूंचे अक्षांश-रेखांश कराराला जोडले. दर वेळी तिन्ही राज्यांचा एकेक माणूस हजर हवा, आणि बाटलीवर तीन रंगांच्या लाखेच्या तीन मोहरा हव्यात. बिंदू हातभर जरी सरकवायचा झाला तरी तिन्ही मंत्रिमंडळांची मंजुरी लागणार. त्यासाठी नेमलेली उपसमिती चार वेळा भेटली होती आणि कोणी कुठल्या खुर्चीत बसायचं यावर तिचं जवळजवळ एकमत होत आलं होतं.

करारात कलम एकोणीस म्हणून एक कलम होतं. तिन्ही राज्यांनी एकमताने दूषित ठरवलेल्या पाण्याच्या ठिकाणी नव्वद दिवसांत शुद्धीकरण यंत्र बसवणं मंडळावर बंधनकारक. हे कलम तिघांनी हसत हसत मान्य केलं होतं. एकमत होणारच नाही, याबद्दल तिघांचंही एकमत होतं ना!

पुढे वरच्या राज्याने बंधारा बांधला आणि नदीने अंग चोरलं. एकेकाळचं रुंद पात्र आता अलीकडच्या काठाला चिकटून वाहणारी एक अरुंद धार झालं. त्याच काठावर रंगाचा कारखाना होता, त्याचा नाला त्याच धारेत सुटायचा. धार सकाळी जांभळी असायची, दुपारी पिवळी. आणि मधोमध, जिथे बिंदू क्रमांक सात होता, तिथे कोरडी ठणठणीत वाळू. पाण्याचा टिपूस नाही.

पहिल्यांदा तिथे बाटली घेऊन उभं राहिल्यावर मास्तरला काही सुचेना. बरोबर नेहमीचे दोघे होते. वरच्या राज्याच्या शिक्काबाई, ज्या आपली मोहोर पर्समध्ये नव्हे तर गळ्यात दोरीला बांधून ठेवायच्या. आणि पलीकडच्या राज्याचे पेन्शनकाका, ज्यांच्या तोंडी निवृत्तीखेरीज दुसरा विषयच नसायचा. तिघांनी रिकाम्या बाटलीचा रीतसर पंचनामा केला, तिला तीन मोहरा लावल्या आणि ती घेऊन परत आले. कार्यालयात घोडं अडलं ते संगणकाशी. 'प्रदूषणाची पातळी' या चौकटीत आकडा टाकल्याशिवाय तो पुढे सरकेना. 'पाणी नाही' लिहिलं तर लाल व्हायचा. मास्तरने तीनदा लिहून पाहिलं. जेवायची सुट्टी झाली होती, डबा गार होत होता. त्याने शून्य टाकला. संगणक हिरवागार झाला.

वर्षाखेरीस बिंदू क्रमांक सातला 'सर्वांत शुद्ध टप्पा' म्हणून ढाल मिळाली. का नाही मिळणार? अख्ख्या खोऱ्यात शून्य प्रदूषण असलेली तेवढी एकच जागा होती. साहेबांनी मास्तरच्या पाठीवर थाप मारली, फोटो काढला. ढाल मास्तरच्या टेबलावर आली. दुसऱ्या वर्षी पुन्हा शून्य, पुन्हा ढाल. खरं सांगायचं तर त्याला ती आवडायची. रोज सकाळी रुमालाने पुसायचा.

आणि मग एके दिवशी दुपारी ताई कार्यालयात आली.

ताई त्याची थोरली बहीण. अलीकडच्या काठावर, रंगाच्या कारखान्याच्या खालच्या अंगाला जी वस्ती आहे, तिथे राहायची. वस्तीला पाणी एकाच हातपंपाचं, आणि तो पंप पाणी ओढायचा त्या जांभळ्या-पिवळ्या धारेलगतचं. ताईची धाकटी, सहा वर्षांची चिमणी, वर्षभरात दोनदा काविळीने इस्पितळात जाऊन आली होती. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पाणी बदला, तिसरी कावीळ पोरीला झेपायची नाही. पाणी बदला! जसं काही बाईने पडदे बदलायचे होते.

"यादी लागली रे," ताई उभ्याउभ्याच म्हणाली. "शुद्धीकरण यंत्रांची. आमची वस्ती पहिली होती, आता नावच नाही. विचारलं तर म्हणतात, जवळचा बिंदू सात, तिथे प्रदूषण शून्य. तुम्हाला यंत्र कशाला?"

मास्तरच्या तोंडचं पाणी पळालं.

"तू एवढी वर्षं इथे आहेस," ताई म्हणाली, "कुठल्या गाढवाने टाकला तो शून्य, तेवढं तरी शोधून काढ."

तो ढालीकडे बघत राहिला. मग खालच्या मानेने म्हणाला, "ताई, मीच टाकला."

"तू? का?"

"जेवायची वेळ झाली होती."

ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ढाल उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि परत ठेवली. "यातून पाणी गाळता येतं का रे?" एवढंच विचारून ती निघून गेली. त्या दिवशी मास्तरला डबा गेला नाही. स्वतःची इतकी लाज त्याला आजवर कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो धीर करून साहेबांकडे गेला. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात साहेबांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"अहो मास्तर, शून्य बदलायचा म्हणजे मागचे दोन अहवाल चुकीचे ठरणार. अहवाल चुकीचे म्हणजे ढाली चुकीच्या. आणि येत्या महिन्यात तिसऱ्या ढालीला तिन्ही मंत्री येतायत! बिंदूवर पाणी मिळालं तर घ्या की नमुना. तुम्हाला अडवलंय कुणी?"

साहेब हे आपलं बोलायचं म्हणून बोलले. पण मास्तर घरी जाऊन नियमावली घेऊन बसला. सगळी वाचली, तळटिपांसकट. मंडळाच्या इतिहासात असा आगाऊपणा कुणी केला नव्हता. नियम सहा: 'नमुना बिंदूवर असलेल्या पाण्याचा घ्यावा.' बिंदूवर असलेल्या. ते पाणी तिथे कसं यावं, याबद्दल नियमावली गप्प होती.

पुढच्या नमुन्याच्या दिवशी सकाळी दहा वाजता शिक्काबाई आणि पेन्शनकाका वाळूत पोचले, तेव्हा बिंदू क्रमांक सातवर एक खड्डा खणलेला होता. त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरला होता, आणि वस्तीतून ताईच्या मागोमाग दहा बायका एका रांगेत बादल्या घेऊन येत होत्या. हातपंपाचं पाणी. अकरा बादल्या. एकेक करून त्यांनी खड्ड्यात ओतल्या. खड्ड्यात फिकट जांभळं तळं साचलं.

"हे काय चाललंय?" पेन्शनकाकांनी विचारलं. "माझे आठ महिने राहिलेत हो!"

"बिंदूवर पाणी आहे, काका," मास्तर म्हणाला. त्याने बाटलीचं बूच काढलं. "नमुना घ्यायचाय."

शिक्काबाईंनी नियमावली काढली. नियम सहा दोनदा वाचला. मग ताईकडे पाहिलं, त्या तळ्याकडे पाहिलं. "नियमात बसतंय," त्या म्हणाल्या. "पण पंचनाम्यात मी सगळं लिहिणार. कोणी आणलं, कुठून आणलं, किती बादल्या. खोटं मला जमायचं नाही."

"लिहा की बाई," ताई म्हणाली. "माझं नाव मोठ्या अक्षरात लिहा."

तीन मोहरा लागल्या. पेन्शनकाकांनी चष्मा खिशातच ठेवून सही केली, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर दिसलं नाही म्हणायची सोय.

आकडा आला तो असा की संगणकाची चौकट अपुरी पडली. शून्यावरून थेट खोऱ्यातला सर्वांत घाणेरडा टप्पा! मास्तरने तो आकडा टाकला, दोनदा तपासला आणि पाठवून दिला. आता यंत्र नक्की, असं त्याला वाटलं. भाबडा माणूस. चौदा वर्षं सरकारात काढून इतकं भाबडं राहणं हीही एक कलाच म्हणायची.

मंडळात आग लागली. मंत्री तीन आठवड्यांवर आणि टप्पा नरक! ज्या मंडळाला खुर्च्यांवर एकमत व्हायला चार बैठका पुरल्या नव्हत्या, त्याची तातडीची बैठक एका दिवसात भरली. आकडा तर नोंदला गेला होता, पुसता येत नव्हता. मग तोडगा निघाला. टप्पा मुळात शुद्धच होता, तो कुणीतरी बाहेरून घाण आणून बाटवला, असं सिद्ध करायचं. त्यासाठी ज्या पंपातून पाणी आणलं, तो किती घाण आहे हे दाखवणं आलं. तिन्ही राज्यांच्या तीन प्रयोगशाळांनी पंपाचं पाणी तपासलं. तिघींचे आकडे दशांशापर्यंत जुळले. असं आजवर एकदाही झालं नव्हतं. तिघांनी सह्या केल्या, ढाल वाचली, साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मास्तरची बदली आवक-जावक विभागात झाली. ढाल साहेबांच्या खोलीत गेली. आणि जाता जाता एक शेवटचं काम त्याच्या गळ्यात पडलं: ताईला नोटीस पोचवून तिची पोच आणायची.

ताई दारात धुणं पिळत होती. चिमणी आत अंथरुणावर पडल्या पडल्या भिंतीवर बोटाने काहीतरी रेघोट्या ओढत होती. मामाला बघून ती हसली, पण उठली नाही. मास्तरने नोटीस पुढे केली आणि त्याचा बांध फुटला. "ताई, मला माफ कर गं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. तुझ्यावर गुन्हा लावलाय त्यांनी. सात दिवसांत खुलासा मागितलाय."

"रडतोस काय असा? थांब, वाचू दे." ताईने हात पुसले आणि सावकाश वाचायला लागली. "'आपण वस्तीतील हातपंपातील अत्यंत दूषित, पिण्यास व अन्य कोणत्याही वापरास सर्वथा अयोग्य असे पाणी संरक्षित टप्प्यात आणून ओतले.'" ती थांबली. "हे सर्वथा अयोग्य कोण म्हणतंय?"

"मंडळ."

"म्हणजे एकटं आपलं राज्य?"

"नाही. तिन्ही. खाली सह्या आहेत बघ."

बोलता बोलता मास्तरच थबकला. त्याने नोटीस तिच्या हातातून ओढून घेतली. एक सही, दोन, तीन. तीन रंगांच्या तीन मोहरा. तळटिपांसकट वाचलेली नियमावली त्याच्या डोक्यात पान पान उलटत गेली, ती शेवटी जोडलेल्या कराराच्या कलम एकोणीसवर येऊन थांबली.

"ताई," तो म्हणाला, "कागद आहे का घरात? खुलासा आत्ताच लिहू."

तिसऱ्या दिवशी तो खुलासा टपालाने मंडळात आला. आवक विभागात टेबलाशी एकच माणूस बसलेला होता. त्याने पाकीट कापलं, कागद सरळ केला आणि दोन दिवसांपूर्वी ताईने आपल्यासमोरच लिहिलेलं अक्षर पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

'गुन्हा कबूल आहे. पाणी आम्हीच ओतलं, अकरा बादल्या. पाणी दूषित आहे हे तिन्ही राज्यांनी सहीनिशी ठरवलं आहे, तरी कलम एकोणीसप्रमाणे नव्वद दिवसांत पंपावर यंत्र बसवावं. अकरा बादल्या वाळूत ओतल्या म्हणून आम्हाला नोटीस आली. याच पंपाच्या बाकीच्या बादल्या गेली नऊ वर्षं आम्ही आमच्या पोरांना पाजल्या. त्याची नोटीस कुणाला पाठवायची, ते कृपया कळवावं.'

डबा उघडायची वेळ झाली होती. बाटलीमास्तरने तो बाजूला सारला, कागदावर आवक क्रमांक घातला, तारीख टाकली, शिक्का मारला आणि कागद घेऊन स्वतःच साहेबांच्या खोलीकडे चालू लागला.