तिसऱ्या खड्ड्यातली रेती

किसनरावांनी अकराव्यांदा काठी उगारली आणि चेंडूच्या चांगली वीतभर मागे रेतीत रुतवली. रेती उडाली, त्यांच्या मिशीत गेली, टोपीवर बसली. चेंडू होता तिथेच राहिला.

"हात्तिच्या!" ते म्हणाले आणि थुंकले.

खड्ड्याच्या काठावर दाताळं घेऊन उभ्या असलेल्या कोकिळाने चेंडूकडे पाहिलंही नाही. काठीने हातभर लांब खळगा पाडला होता आणि तळातली काळपट, ओलसर रेती वर आली होती. कोकिळा लगबगीने उतरली, उकिडवी बसली आणि खळगा बुजवण्याच्या निमित्ताने ती रेती बोटांमधून गाळू लागली. शिंपल्याचा तुकडा निघाला. एक चपटा खडा निघाला. तिने जागा सारखी केली, दाताळं फिरवलं आणि परत काठावर जाऊन उभी राहिली.

"मारा साहेब," ती म्हणाली. "अजून जोरानं मारा."

बाभुळगावच्या पुढे, धरणाच्या अंगाला, किसनरावांच्या जावयाने हे गोल्फचं मैदान काढलं होतं. यवतमाळचे डॉक्टर, दोन-चार बिल्डर रविवारी मोटारी घेऊन येत. सासऱ्यांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, तर जावयाने चालण्याऐवजी त्यांच्या हातात काठीच दिली. पाटबंधारे खात्यात जन्म घालवलेला माणूस, वय सदुसष्ट. पण जावयाचा शब्द मोडायचा कसा? गवतावर त्यांचं बरं चालायचं. रेतीच्या खड्ड्यात चेंडू पडला की मात्र सगळी साहेबी तिथेच संपायची.

नागपूरहून येणारा शिकवणारा पोरगा त्यांना परोपरीने सांगायचा. पाय रेतीत घट्ट रोवा. काठीचं तोंड आभाळाकडे उघडा. चेंडूला मारायचंच नाही काका, त्याच्या मागची दोन बोटं रेती कापायची, रेतीच चेंडूला घेऊन बाहेर येते. कोकिळाला हे सगळं तोंडपाठ झालं होतं. जाणते खेळणारे रेतीचा नुसता पापुद्रा काढत, भाकरीचा सुटावा तसा. त्यांच्या घावातून तिच्या हाती काही लागण्यासारखं नव्हतं. किसनराव मात्र विहीर खणल्यासारखे खणायचे. या माणसाला हा खेळ कधीच जमू नये, असं ती मनापासून मागत होती, आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

कारण तिसऱ्या खड्ड्यातली रेती हिरडगावच्या वळणावरची होती.

हिरडगाव धरणात गेलं त्याला वीस वर्षं होऊन गेली. गाव उठायच्या दोन वर्षं आधी कोकिळाची दीपा गेली, चार महिन्यांची. दात न आलेल्या लेकराला अग्नी देत नाहीत. नदीच्या वळणावर, उंबराखाली, रेतीत खड्डा करून, खाली मीठ पसरून तिला ठेवली आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर बाभळीची फांदी घातली. सासूने लेकराच्या पायातला एक वाळा काढून घेतला. दुसरा कोकिळाने काढू दिला नाही. साधा चांदीचा वाळा, टोकं एकमेकांत वळवलेली. घुंगरू लावायचं सोनाराला सांगायचं राहून गेलं होतं. तेराव्याची पंगत नाही, की अक्षयतृतीयेला नावाची घागर नाही. मोठ्यांना सगळं मिळतं. म्हणून दरवर्षी पाणी ओसरून वळण उघडं पडलं की कोकिळा तांब्याभर पाणी नेऊन तिथे ओतायची.

मागच्या उन्हाळ्यात ती पाणी घेऊन गेली तेव्हा वळणच नव्हतं. पुरुषभर खोल खड्डा होता आणि त्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. शेजारच्या भावसिंगने ट्रॅक्टर चालवला होता. बिचाऱ्याला जागेचं काही ठाऊक नव्हतं. "दोनच ट्रॉल्या, वहिनी," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "त्या गोल्फच्या तिसऱ्या खड्ड्यात टाकल्या. बाकी कुठं कुठं गेली, काय सांगू?"

आठव्या दिवशी कोकिळा मैदानावर कामाला लागली. पण इथे रेती खणायला बंदी. खाली कापड अंथरलेलं, ते फाटतं म्हणे. मुकादम शामने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, दाताळं वरवर फिरवायचं, आणि खांबावरच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं होतं. खरं कारण सांगावं, तर रेती उचलून रातोरात कुठेतरी फेकली गेली असती आणि भावसिंग चोरीच्या रेतीपायी आत गेला असता. तेव्हा उरले किसनराव.

त्या शुक्रवारी शाम काठावर येऊन म्हणाला, "कोकिळाबाई, सोमवारी हे रेती निघून राह्यली बरं. राजस्थानातून पांढरी रेती येते. पाहुण्यायले काळी आवडत नाही."

"मंग हे कुठं जाते?" तिने विचारलं.

"प्लास्टरले. हाफिसाच्या भिंतीले लागंन."

कोकिळाने दाताळ्याचा दांडा दोन्ही हातांनी धरला. माझी लेक भिंतीत, एवढंच तिच्या मनात आलं. त्या संध्याकाळी तिने भाकरी थापली आणि तशीच झाकून ठेवली.

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, शनिवारी किसनरावांना खेळ जमला. पहिला चेंडू हळूच उडाला आणि गवतावर जाऊन टेकला. दुसरा गेला. तिसराही गेला. रेतीवर तीन पातळ साली निघाल्या होत्या, बोटभरही खोल नाहीत. म्हातारा लहान पोरासारखा हसला, काठावर बसला आणि थर्मासमधला चहा त्याने झाकणात ओतून तिच्यापुढे धरला.

"घ्या बाई. तुमच्यामुळं जमलं. चार महिने उभं राहून धीर देऊन राह्यल्या तुम्ही."

तिने चहा घेतला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तिने ते पुसलंही नाही.

"काहून? काय झालं?"

"काही नाही."

"गाव कोणतं तुमचं?"

"हिरडगाव. जुनं."

किसनरावांनी झाकण खाली ठेवलं. "हिरडगावची यादी मीच केलती," ते म्हणाले. "घरं, विहिरी, झाडं. एकेक संत्र्याचं झाड मोजलं होतं मी."

"उंबर मोजला काय, साहेब? वळणावरचा?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "तिथं एक म्हातारा आडवा आला होता मले. म्हणे, ही लेकरायची जागा हाये साहेब, हे लिहा. त्या कागदावर स्मशानाचं होतं, देवळाचं होतं. लेकराच्या जागेचा रकानाच नव्हता. मी निरंक लिहिलं."

"हे रेती तिथचीच हाये," कोकिळा म्हणाली. बोलायचं नव्हतं, पण आता राखून तरी काय करायचं होतं? "माही लेक होती तिथं. तिच्या पायात एक वाळा होता. तुमी खोल मारता, म्हणून मी पाहून राह्यली होती."

किसनरावांनी खड्ड्याकडे पाहिलं, मग हातातल्या काठीकडे. ते उठले आणि मोटारीकडे चालू लागले. थर्मास तिथेच राहिला.

कोकिळा घाबरली. आता जावयाच्या कानावर जाईल, भावसिंगच्या दारात पोलीस येतील, आपल्याच तोंडाने आपण सगळ्यांचं वाटोळं केलं. दुसऱ्या दिवशी खेळणारे दुपारी जेवायला पांगेपर्यंत ती सारखी फाटकाकडे पाहत राहिली.

किसनराव चार वाजता आले. ऊन अजून कडक होतं. त्यांनी खिशातून चेंडू काढलाच नाही. खड्ड्याच्या एका कोपऱ्यात जाऊन पाय रोवले, काठी डोक्यावर नेली आणि सगळ्या अंगानिशी रेतीत हाणली. खालचं कापड टरकलं. ते एक पाऊल सरकले आणि पुन्हा हाणली.

कोकिळाने दाताळं काठावर टाकलं. मग उतरली आणि त्यांच्या मागे गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी रेती उपसू लागली.

शाम धावत आला. "साहेब! अहो साहेब, कापड फाटून राह्यलं!"

"शिकून राह्यलो मी," किसनराव धापा टाकत म्हणाले. "मले जमत नाही."

"पण चेंडू कुठं हाये?"

"जावईबापूंले सांग, तुमच्या सासऱ्याले अक्कल नाही. जाय."

शाम गेला. मालकाच्या सासऱ्यापुढे मुकादमाचं काय चालणार? किसनराव ओळीने हाणत राहिले, नांगरट केल्यासारखे, या काठापासून त्या काठापर्यंत. सदरा पाठीला चिकटला होता. त्यांच्या तळहाताची साल निघाली, तिथे त्यांनी रुमाल गुंडाळला. कोकिळा प्रत्येक खळग्यातली रेती मुठीमुठीने चाळत होती. तिच्या नखांत रेती गेली, दोन नखं उलली. अर्धा खड्डा झाला. ऊन उतरत आलं.

मग तिच्या बोटांना काहीतरी गोल लागलं.

काळं पडलेलं होतं. तिने पदराने घासलं तशी आतली चांदी दिसली. किसनराव थांबले. कोकिळाने तो वाळा तळहातावर फिरवला. एका बाजूला बारीक घुंगरू होतं. रेतीने भरलेलं, वाजत नव्हतं.

"दीपाचा नोहे," ती म्हणाली.

किसनरावांनी काठी टाकली आणि ते रेतीतच बसले.

इतकी वर्षं तिच्या मनात त्या वळणावर एकटी दीपाच होती. शेजारी बाभळीच्या आणखी फांद्या होत्या, हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. सत्यभामाकाकूंचा मुलगा होता. कुंभाराची जुळी होती. आणखी कोणाकोणाची होती, ते आता सांगायला त्यांच्या आयाही एका गावात उरल्या नव्हत्या.

तिने वाळा पदराच्या टोकात बांधला आणि गाठ दातांनी आवळली. मग किसनरावांच्या शेजारी पडलेली काठी उचलली. ती तिला वाटली होती त्यापेक्षा हलकी होती.

"तुमी बसा साहेब," ती म्हणाली. "थकले तुमी."

किसनरावांनी खिशातून खेळातले फटके मांडायचं कार्ड आणि पेन्सिल काढली. कार्डाची मागची बाजू कोरी होती. त्यांनी ते गुडघ्यावर दाबून धरलं.

"घुंगराचा?" त्यांनी विचारलं.

"हो. एक घुंगरू."

त्यांनी लिहून घेतलं. कोकिळाने चपला काढून काठावर ठेवल्या, उरलेल्या अर्ध्या खड्ड्यात जाऊन पाय रेतीत घट्ट रोवले आणि काठी वर उचलली.