तुमच्या माश्या

"कोंबड्या पाळशील तर माश्या फुकट मिळतील," असं सासूबाईंनी बजावलं होतं. सुनेने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. सून कॉलेज शिकलेली. लेकीच्या पोटात घरचं, खात्रीचं अंडं जावं म्हणून तिने खुराड्याचा पुरता अभ्यास केला होता. ऊन कुठून येईल, मांजर कुठून शिरेल, जाळीचं भोक केवढं हवं, सगळं तिला पाठ होतं. माश्यांचा धडा तेवढा तिने ऑप्शनला टाकला.

परसात कोंबड्या आल्या. त्यातली एक मान ताठ करून सगळ्यांकडे असं बघायची, की लेकीने तिला 'मॅडम' करून टाकलं. थोडे दिवस कौतुकात गेले आणि मग माश्या आल्या. आधी दोनचार, मग इतक्या की वाळत घातलेला पांढरा टॉवेल लांबून ठिपक्याठिपक्यांचा दिसावा.

माश्यांपाठोपाठ भिंतीवरून शिवणकाकू आल्या. कपडे शिवून द्यायच्या म्हणून सारी गल्ली त्यांना शिवणकाकू म्हणे. मधली भिंत उंच असल्यामुळे काकूंचा चष्मा तेवढा दिसायचा, आवाज मात्र अख्खा यायचा.

"अहो सूनबाई, तुमच्या माश्या आल्यात हो आमच्याकडे!"

"माश्यांवर नाव लिहिलेलं असतं का काकू?"

"नाव नसेल, पण वळण तुमच्याकडचंच आहे. न विचारता आत येतात."

त्यानंतर हे रोजचंच झालं. सकाळी तुमच्या माश्या, दुपारी तुमच्या माश्या. एकदा तर काकूंनी कागदावर मेलेली माशी ठेवून भिंतीवरून पुढे केली. "ही तुमची. ओळख पटवून घ्या." सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. सुनेला मात्र हसू येईना. ती लेकीच्या वाटीवर झाकण, झाकणावर फडकं ठेवायची आणि तरीही फडकं उचलून खाली बघायची.

शेवटी तिने माश्या पकडायची बाटली आणली. आत घाण वासाचं आमिष घालायचं, वासाने माशी आत शिरते आणि मग तिला बाहेर पडता येत नाही. घरापासून लांब टांगा, असं बाटलीवरच लिहिलं होतं. सुनेने लेकीच्या खिडकीपासून सगळ्यात लांबची जागा शोधली. ती होती भिंतीचा कोपरा. बाटली भराभर काळी झाली तशी सून खूश झाली.

"वास सोडून बोलावतेस आणि आल्या म्हणून खूश होतेस?" सासूबाई म्हणाल्या. "अगं, आमंत्रण गेल्यावर पाहुणे दुप्पट येणारच की."

पण त्याच सुमाराला काकूंचा आवाज बंद झाला. सकाळ गेली, दुपार गेली, चष्मा काही दिसला नाही. सुटलो बाई, म्हणून सुनेने निवांत चहा घेतला. दुसऱ्या दिवशीही शांतताच. माश्या तर तेवढ्याच होत्या, उलट कोपऱ्यात जास्तच. मग काकू गप्प का?

पलीकडच्या खोलीत मूल अचानक गप्प झालं की आई हातातलं टाकून धावते. तिथे काहीतरी घडतंय, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. सुनेनेही हातातलं तसंच टाकलं. लेकीला काखोटीला मारून ती शेजारी गेली आणि तिने कडी वाजवली.

"उघडंच आहे," आतून कसाबसा आवाज आला.

आत खिडकीला लागून पलंग होता आणि पलंगावर काका. "त्यांना बरं नसतं," एवढंच गल्लीला माहीत होतं. ते अंथरुणाला खिळलेत, हे सून आज पहिल्यांदा बघत होती. पलंगाभोवती मच्छरदाणी होती आणि त्या मच्छरदाणीला चक्क बाह्या होत्या! शर्टाला असतात तशा, मनगटाशी इलॅस्टिक घातलेल्या. एका बाहीतून काकांचा हात बाहेर येऊन रेडिओच्या बटणापर्यंत पोचत होता. दुसरीतून काकूंचा हात आत गेला होता, आतल्या माणसाला पुसायला, भरवायला, कुशीवर वळवायला. माशीला शिरायला फट म्हणून नव्हती. उशाकडची एक शिवण तेवढी उसवली होती.

त्या शिवणीपाशी काकू खुर्चीत बसल्या होत्या. अंगात सणसणून ताप, डोळे मिटत होते. तरीही मोकळ्या हाताने त्या टॉवेल हलवत होत्या. हात थांबे, मान लवे, आणि दचकून हात पुन्हा सुरू होई.

"सुई धरवत नाही," त्या पुटपुटल्या. "झोपून झोपून पाठीला जखम झालीय त्यांच्या. माशी बसली की अळ्या पडतात, डॉक्टरांनी सांगितलंय."

"काकू, मग हे सांगायचं नाही का!"

"कसं सांगू? आपल्या पाठीचं चारचौघांत बोललेलं त्यांना चालत नाही. माश्यांचं आपलं बोलता येतं."

सुनेने वर पाहिलं. खिडकीबाहेर, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर, तिची ती काळी बाटली लोंबत होती.

"कोंबड्या..." काकांची जीभ जड झाली होती, शब्द अडखळत येत होते. "काढू नका. ऐकायला... बरं वाटतं." तेव्हा सुनेच्या ध्यानात आलं. एवढ्या तक्रारी झाल्या, पण 'कोंबड्या काढा' असं काकू एकदाही म्हणाल्या नव्हत्या.

तिने लेकीला सासूबाईंकडे सोपवलं आणि डॉक्टरांना फोन केला. बाटली उतरवून खड्ड्यात पुरली. मग काकूंना हाताला धरून आडवं केलं आणि स्वतः सुई घेऊन शिवणीपाशी बसली. डॉक्टर आले. काकूंना औषध देऊन त्यांनी काकांची पाठ बराच वेळ तपासली. "एवढ्या दिवसांची जखम इतकी स्वच्छ मी दवाखान्यातसुद्धा बघत नाही," ते म्हणाले. काकूंनी डोळे न उघडताच, "त्यात काय एवढं," असं म्हणून कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी सून आणि सासूबाई पदर खोचून खुराड्यात शिरल्या. पाण्याचं भांडं गळत होतं, खालचा भुसा ओला, आणि त्या ओल्यात अळ्या वळवळत होत्या. भांडं बदललं. ओला भुसा भरून झाकणाच्या पिंपात टाकला, कोरडा पसरला. सकाळी उठल्या उठल्या शीट खरवडून काढायची पद्धत पाडली. माश्या एकदम गेल्या नाहीत, पण टॉवेल हळूहळू पांढरा दिसू लागला. आणि एका सकाळी भिंतीवर चष्मा उगवला.

"तुझा टाका वाकडा आहे गं! मला सगळा उसवून परत घालावा लागला."

इतकं गोड बोलणं सुनेने कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

आता तुम्हाला एकच विचारायचंय. तुमच्या भिंतीपलीकडून रोज कुणीतरी कटकट करत असेल. कचऱ्यावरून, आवाजावरून, कशावरून का असेना. ती कटकट काल ऐकू आली होती का? आज? आठवत नसेल तर हे वाचणं इथेच सोडा आणि आधी शेजारची कडी वाजवून या.