तिप्पट मात्रेची ओळ

दिनांक २४ ऑगस्ट २०२३, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे. त्या क्षणी माझ्या पडद्यावर एकशे शहाण्णव शब्द होते. त्यांतले शेवटचे पाच तेथे असायला नको होते.

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी जुळणी कोठे झाली ते माझ्या पोटावरच्या पट्टीवर छापलेले होते. ती पट्टी केव्हाच घासून गेली. पहिली तीन वर्षे मी अकोल्याच्या एका विमा कार्यालयात काढली. तेथे दिवसभर एकच नमुना भरला जाई. पुढे शालिग्राम यांनी मला जुन्या सामानातून विकत घेतले आणि मंगरूळपीरला आणले.

शालिग्राम स्वतंत्र लेखक होते. तंत्रनिकेतनात यंत्रविद्या शिकून ते आधी एका जिनिंग कारखान्यात देखरेखीला लागले. मग शिकवण्या घेतल्या, एका बियाणे कंपनीसाठी गावोगाव फिरले, सात वर्षे एका साप्ताहिकाला बातम्या पाठवल्या. यातले काहीच टिकले नाही. मात्र प्रत्येक कामाची भाषा त्यांच्याजवळ राहिली, म्हणून त्यांना सगळेच लिहिता येई: लग्नपत्रिका, श्रद्धांजली, सरपंचाचे भाषण, शाळेचा अहवाल, मोटारपंपाची माहितीपुस्तिका.

त्यांची एक रीत होती. ओतकामात एकाच साच्यातून जसे अनेक भाग निघतात, तसे ते लिहीत. एकदा उत्तम जमलेला मजकूर ते माझ्यात साचा म्हणून ठेवत. नवे काम आले की साचा उघडायचा, नावे बदलायची, आकडे बदलायचे. इतरांना दिवस लागे तेथे त्यांना तास पुरे. लोक कौतुकाने म्हणत, "भाऊ, तुमच्या या डब्यात अख्खा तालुका हाय." ते ऐकून मलाही माझ्या झिजलेल्या कळांचा अभिमान वाटे.

त्या सकाळी एका औषध दुकानदाराने फवारणीचे पत्रक मागितले. शालिग्राम यांनी मागच्या वर्षीचा साचा उघडला. तो पाठीवरच्या हातपंपासाठी लिहिलेला होता: एका पंपाला दहा मिली औषध. इंजिनाच्या पंपात तेवढ्याच पाण्याने जास्त रान फवारले जाते, म्हणून त्यात औषध अधिक लागते. त्यासाठी खाली ओळ होती: 'पॉवर पंपासाठी मात्रा तिप्पट करावी.' दुकानदाराने नवा आकडा दिला तो मुळातच पॉवर पंपाचा होता, तीस मिली. शालिग्राम यांनी औषधाचे नाव बदलले. दहाचे तीस केले. शेवटची ओळ तशीच राहिली. मी ती जपून ठेवली, कारण मला जपण्यापलीकडे काही येत नाही.

खालच्या मजल्यावर रऊफभाईंचा छापखाना होता. त्यांनी दोन हजार पत्रके छापली आणि ती आठवडी बाजारात वाटली गेली. पत्रकावर दुकानाचे नाव होते, लिहिणाऱ्याचे नसते.

पत्रके वाटल्याच्या पाचव्या दिवशी पंचफुलाबाई जिना चढून वर आल्या. अनसिंगच्या बाजूच्या एका खेड्यात त्या राहत. सोबत सहावीतली मुलगी वैभवी होती. पंचफुलाबाईंचे यजमान, नाव देवला, रोजाने फवारणीला जात. आदल्या दिवशी ते शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, कोसळले होते, त्यांना डोळ्यांनी दिसेनासे झाले होते आणि ते दवाखान्यात होते. डॉक्टरांनी कोणते औषध, किती टाकले, हे विचारले होते. म्हणून त्या घडी घातलेले पत्रक घेऊन आधी दुकानात आणि तेथून येथे आल्या होत्या.

"भाऊ, हे तुमीच लेहलं ना? त्यायनं जसं लेहलं तसंच केलं. मंग असं काहून झालं?"

शालिग्राम यांनी मला उघडले. पत्रक वाचले, जुना साचा वाचला, पुन्हा पत्रक वाचले. वैभवी हळूच म्हणाली, "बाबाले वाचता येत नाही. मीच वाचून सांगतलं. तीस तिरी नव्वद. माह्यं गणित चुकलं का?"

"नाही, बाई," शालिग्राम म्हणाले. "तुह्यं बरोबर हाय. लेहणं माह्यं चुकलं."

त्यांनी खरी मात्रा आणि पडलेली मात्रा कागदावर लिहून दिली. मायलेकी दवाखान्याकडे गेल्या. मग रऊफभाई वर आले. त्यांनी सारे ऐकले होते. ते जुने स्नेही. त्यांचा आवाज खाली गेला होता.

"शालिग्रामभाऊ, पत्रकावर तुमचं नाव तं कुठंच नाही. दुकानवाल्यानं सांगतलं तेच छापलं, असं म्हणू. या डब्यातून ते मिटवून टाका."

शालिग्राम यांचे बोट मिटवण्याच्या कळेवर आले. किती वेळ, ते मला अचूक सांगता येईल: चार मिनिटे. माझ्याजवळ त्या चुकीची एकमेव तारीखवार नोंद होती.

"अजून कितीक जण उद्या पंप भरतीन, रऊफभाई?"

त्यांनी बोट उचलले. या वेळी माझ्यातला एकही साचा न उघडता त्यांनी मजकूर लिहिला: पत्रकातील शेवटची ओळ चुकीची आहे, ती पाळू नका, पत्रक परत करा, ही चूक माझी आहे. खाली स्वतःचे पूर्ण नाव घातले. रऊफभाई यंत्र सुरू करायला उठले. दुसऱ्या सकाळपासून दोघे एका दुचाकीवर गावोगाव फिरले. पारावर, दुकानात, शाळेत त्यांनी जुनी पत्रके मागितली. एका गावात लोकांनी शिव्या दिल्या. त्यांनी त्या उभे राहून ऐकल्या.

फिरण्याच्या सहाव्या दिवशी देवला दवाखान्यात वारले.

त्या दुपारी शालिग्राम यांनी मला पिशवीत घालून पोलीस ठाण्यात नेले आणि स्वतःहून सुपूर्द केले. आज मी मुद्देमालाच्या खोलीत आहे. माझ्यावर क्रमांकाची चिठ्ठी आहे आणि धूळ आहे. येथे मला कोणी उघडत नाही.

मित्रांनो, तुम्हीही माझ्यासारख्या यंत्रांवर लिहाल. आम्हांला दिलेली ओळ तुम्ही जेथे ठेवाल तेथे आम्ही निष्ठेने ठेवतो. ती तेथे शोभते की मारते, हे आम्हांला कळत नाही. ते तुम्हांलाच पाहावे लागते. जुने चांगले वाक्य उचलताना ते पुन्हा एकदा मोठ्याने वाचा. कोठेतरी एखादी वैभवी ते आपल्या वडिलांना वाचून दाखवणार असते.

माझ्यातल्या शेवटच्या नोंदीप्रमाणे दोन हजार पत्रकांपैकी एक हजार सहाशे बेचाळीस परत आली. तीनशे अठ्ठावन्न अजून बाहेर आहेत.