छातीतला आवाज

लग्न ठरलं त्या दिवशी अमृतरावांनी लेकीला वांग्याच्या वाफ्यापाशी नेलं. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून ते म्हणाले, "चंचल, सासरी त्या पंपाचं नाव काढू नको. लेकरूबाळ झालं का आपोआप जाते म्हन्तेत दमा. तोवर निभावून ने."

चंचल नेरडीगोंड्याजवळच्या मळ्यात वाढलेली. दम तिला वर्षातून तीन-चारदा लागायचा. डॉक्टरनं तोंडानं औषध ओढायचे दोन पंप दिले होते. एक रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा, दुसरा निळा, धाप लागली की ओढायचा. रोजचा तिनं केव्हाच सोडला होता. बरं असताना औषध कशाला, असं घरात सगळ्यांनाच वाटायचं. सासरी गेलेल्या पेटीत ब्लाउजपिसांच्या घडीखाली फक्त निळा पंप होता.

सासर आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्याचं. हायवेला लागून दुकान, मागं घर, आणि मधल्या पडवीत नवऱ्याचं, जीवनचं, मिरची कांडायचं यंत्र. जानेवारी सरला की लाल मिरचीची पोती यायला लागत आणि यंत्र दिवसभर घणघणत राही. दोरीवरच्या लुगड्यांवर, दुधाच्या झाकणावर, खिडकीच्या गजांवर तिखटाचा बारीक थर बसे. घरची माणसं त्याला सरावली होती. जीवन दोन शिंका देऊन हसायचा. चंचलला मात्र पहिल्याच आठवड्यात कळलं की ही हवा आपल्या छातीला सोसणार नाही.

जीवन स्वभावानं मऊ होता. त्याला सांगून टाकावं असं तिला दहादा वाटलं. पण भीती होती ती सासूची. सोजरबाई फार बोलत नसत. नुसत्या बघत. चंचल मोरीत शिरून नळ मोठा सोडायची आणि त्या आवाजाच्या आड पंप ओढायची. दार उघडलं की सासू दारापाशीच उभी असे.

"काऊन धापून राह्यली?"

"पाणी भरलं ना, आत्याबाई."

सोजरबाई तिच्या चेहऱ्याकडे बघतच नसत. त्यांची नजर तिच्या गळ्याखालच्या खळग्यावर खिळलेली असे. एकदा पहाटे चंचलला जाग आली, छाती आवळलेली. उठून बसली तर खोलीच्या दाराखालच्या फटीत दोन पावलांची सावली दिसली. बराच वेळ ती हलली नाही.

शेजारच्या देवकाबाईंनी एकदा गहू निवडता निवडता सांगितलं, "तुह्या सासूले एक पोरगी होती. गोकर्णा. सतराव्या वर्षी गेली. कशानं गेली ते आमी कोनी इचारलं नाई."

चंचलनं जीवनला विचारलं. तो उठून उभा राहिला. "मी लहान होतो. आईजवळ तो विषय काढू नको."

ह्या घरानं एक मुलगी पुसून टाकली होती. मग सुनेला काय वेळ लागणार? चंचलनं पंप आणखी खोल दडवला, शिलाई मशीनच्या खणात, रिळांच्या खाली.

मार्चमध्ये निळा पंप दिवसातून दोनदा लागायला लागला. मग चारदा. मग पहाटेही. ओढला की दहा मिनिटांत मोकळं वाटायचं, त्यामुळे औषध लागू पडतंय असंच ती धरून चालली. प्रत्येक वेळी ते मोकळेपण थोडं कमी टिकतं, हे तिच्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ तिनं लावला नाही.

त्या दिवशी इचोड्याचा बाजार होता. यंत्राची चाळणी फाटली म्हणून जीवन सकाळीच निर्मलला गेला. चाळणी फाटण्याआधी त्यानं दोन पोती कांडून ठेवली होती. दुपारी गिऱ्हाईक आलं, आणि तिखट मापून द्यायला चंचल पडवीत गेली. डब्याचं झाकण उघडताच वाऱ्याचा झोत आला. तिनं पदर नाकाला लावला, तोवर उशीर झाला होता.

कशीबशी ती मशीनपर्यंत पोचली. खण उपसून पंप काढला, दाबला. नुसती हवा फुसकली. हलवून परत दाबला. काहीच नाही.

पुढच्या अर्ध्या तासात तिच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली, आधी बारीक, मग चुलीवरच्या किटलीसारखी मोठी. ती खाटेच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढं वाकून बसली. देवकाबाई धावत आल्या, गरम पाणी दिलं. घोट उतरला नाही. सोजरबाई समोर भिंतीला टेकून उभ्या होत्या, नजर तिथंच, गळ्याखालच्या खळग्यावर. रिकामा पंप जमिनीवर पडला होता. त्यांनी तो पाहिला होता. आता संपलं, असं चंचलच्या मनात आलं.

मग हळूहळू शिट्टी कमी झाली. आणि थांबली.

"उतरला वो," देवकाबाईंनी सुस्कारा टाकला. "पडू द्या तिले. डोळा लागून राह्यला."

चंचललाही पडावंसं वाटत होतं. अंगातलं सगळं बळ निघून गेलं होतं. तिला सांगायचं होतं की हवा आत जातच नाहीये, पण तोंडातून एक अक्षरसुद्धा निघेना.

सोजरबाई एका झेपेत खाटेशी आल्या. त्यांनी सुनेच्या छातीला कान लावला, आणि त्या किंचाळल्या.

"झोपू देऊ नका! उतरला नाई हा, बंद पडला! हिच्या छातीत वाराच नाई!"

त्या तशाच अनवाणी रस्त्यावर धावल्या आणि गावातल्या नागेशच्या ऑटोसमोर आडव्या उभ्या राहिल्या. बाजारातली दोन माणसं त्यातून उतरली. सोजरबाईंनी चंचलला मांडीशी धरून बसवलं, पडू दिलं नाही. वाटभर तिच्या निळ्या पडत चाललेल्या ओठांकडे बघत त्या एकच म्हणत होत्या, "बस. सरळ बस, माय. डोये उघड."

सरकारी दवाखान्यात नर्सनं दारातच, धाप लागलीय का, असं तेलुगूत विचारलं, "आयासमा?"

"दमा," सोजरबाई म्हणाल्या. "आधीपासून हाय हिले. आमच्यापासून लपवून राह्यली होती."

तिथल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, औषधाची वाफ दिली, सुई टोचली आणि अँब्युलन्समधून आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. अँब्युलन्स गुडीहत्नूर ओलांडत असताना चंचलच्या छातीत पुन्हा शिट्टी वाजली. सोजरबाई घाबरून ओरडल्या. सोबतचा माणूस म्हणाला, "वाजू द्या, अम्मा. हवा जायला लागली म्हणून वाजते."

तिसऱ्या दिवशी चंचल उशीला टेकून बसली होती. जीवन औषधं आणायला खाली गेला होता. सोजरबाई खाटेशी बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"गोकर्णालेबी हेच होतं," त्या अचानक म्हणाल्या. "सोयरीक मोडंन म्हून आमी कोनाले सांगतलं नाई. त्या दिवशी लय वाजत होती तिची छाती. मग गप झाली. मी म्हनलं, झोप लागली. गोधडी टाकली तिच्यावर. मीच टाकली."

चंचल उशीवरून थोडी पुढं सरकली.

"तू घरात आली तवा आठ दिवसांतच मले ऐकू आलं. इचारायची हिंमत झाली नाई. इचारलं तर खरं निघंन, असं वाटे. म्हून नुसती आयकत राहो."

चंचलनं सासूचा हात धरला. तो थंडगार होता.

डॉक्टरीणबाईंनी जीवनला आणि तिला समोर बसवून सांगितलं. दमा हा येणारा-जाणारा आजार नाही. धाप लागते तेव्हा तो फक्त दिसतो. एरवीही श्वासनळ्यांना आतून सूज असतेच, बरं वाटतं त्या दिवशीही. निळा पंप नळ्या थोडा वेळ उघडतो, सूज तो काढत नाही. सूज रोजच्या पंपानं उतरते, आणि तो रोज घ्यायचा.

"किती दिवस?" जीवननं विचारलं.

"दिवस मोजू नका. ज्याला एकदा असा झटका आला, त्याला पुन्हा येऊ शकतो."

परतताना बसमध्ये जीवननं तिकिटं खिशात घातली. मग म्हणाला, "मले तरी सांगाचं होतं."

"भेव वाटलं."

"माहं?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. पण ते पूर्ण खरं नव्हतं, आणि त्यालाही ते कळलं.

महिनाभरात त्यानं यंत्र बाजाराच्या पलीकडच्या भाड्याच्या शेडमध्ये नेलं. संध्याकाळी बाहेरच अंघोळ करून, कपडे बदलून तो घरात येई. रोजचा पंप आता देवळीत सगळ्यांसमोर असे. पावसाळा सरला तोवर चंचलला एकदाही धाप लागली नाही. ती दोन हंडे एका दमात आणायला लागली, गालांवर रंग आला.

डिसेंबरात दोघं तपासणीला आदिलाबादला गेले. थंडी कडाक्याची पडली होती. डॉक्टरीणबाईंनी श्वासाचा जोर मोजायची, काटा असलेली एक नळी हातात देऊन जोरात फुंकायला लावलं. तीनदा. आकडा पाहून त्यांनी मागचा कागद उलटला.

"कसं वाटतं?"

"एकदम चांगलं, मॅडम. काहीच त्रास नाई."

"मागच्या वेळेपेक्षा बराच कमी आलाय. आतली सूज पुन्हा वाढलीय."

चंचलला वाटलं, फुंकण्यात चूक झाली. तिनं पुन्हा नळी मागितली, पोटातून फुंकलं. काटा त्याच जागी येऊन थांबला.

डॉक्टरीणबाई औषधाचा जोर वाढवून लिहीत होत्या. जीवननं तिच्याकडे पाहिलं. चंचलनं खोल श्वास घेतला आणि आत कान दिला. काहीच अडत नव्हतं, काहीच वाजत नव्हतं. तरीही तिचे हात गार पडले होते.