पडद्यावर भरलेली टाकी

कॉम्प्युटरला काय, सांगाल ते खरं. एडविनने त्याला सांगितलं होतं की गावची टाकी भरली आहे, आणि तो बापडा तेच धरून बसला होता.

झालं असं, शेवगावकडच्या अकरा गावांची पाणी योजना कॉम्प्युटरवर चालवायचं काम एडविनच्या सुप्यातल्या कंपनीने घेतलेलं. उद्घाटनाची तारीख ठरली आणि शेवटच्या गावच्या टाकीतलं पाणी मोजणारं यंत्र काही आलं नाही. ते शेवटचं गाव एडविनचं स्वतःचं! "पडद्यावर एक टाकी लाल दिसली तर सगळ्यांसमोर माझी शोभा होईल," उपअभियंता केदार साहेब म्हणाले. मग एडविनने हातानेच आकडा बसवला, टाकी भरलेली. चाचणीत असं सगळेच करतात, नंतर काढून टाकतात. पडदा हिरवागार झाला, टाळ्या पडल्या, फोटो वरिष्ठांकडे गेले.

पुढे यंत्र आलं, पण साहेब आकडा काढू देईनात. "अहवालात सगळ्या टाक्या भरलेल्या गेल्यात. आता एक कोरडी दाखवू? पुढचं काम तुमच्या कंपनीला नकोय वाटतं?" एडविनने मान खाली घातली. त्याची नोकरी त्या पुढच्या कामावरच टिकून होती. आणि टाकी भरलेली म्हटल्यावर कॉम्प्युटर त्या गावाचा व्हॉल्व्ह उघडतोय कशाला! ऐन एप्रिलात गाव ठणठणीत कोरडं पडलं. टँकर मागितला तर उत्तर आलं, टाकी भरलेली असताना टँकर कसला?

शेवटी गावच साहेबांच्या ऑफिसात येऊन धडकलं. एडविन तिथंच पडद्यासमोर बसलेला. सगळ्यांच्या पुढे एडविनची आई, मरियाबाई.

"सायेब, टाकीत पाली पळत्यात पाली!"

साहेबांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "बाई, हे बघा, भरलेली आहे. तुमचाच मुलगा बसलाय इथं, त्यालाच विचारा."

सगळ्यांची तोंडं एडविनकडे वळली. बोल ना मेल्या, खरं ते बोल! आकडा मी बसवलाय, एवढंच तर म्हणायचं होतं.

"पानी येतंय का न्हाई? खरं सांग, बाळा."

एडविनने साहेबांकडे पाहिलं. "आई... इथं तर भरलेलीच दिसतेय."

मरियाबाई फिरली ती गाववाल्यांवरच. "ऐकलं का? माझा एडविन खोटं बोलायचा न्हाई. पानी येतंय, मग जातंय कुठं?"

"छगन्या!" कुणीतरी ओरडलं. "टाकीची किल्ली त्याच्याकडंच असती. रातीचं इकत असंल भाड्या!"

छगन म्हणजे गावात पाणी सोडणारा गडी. तो बिचारा मागे उभा होता. "आवो, माझ्याच घरात घोटभर पानी न्हाई," असं म्हणत होता, पण ऐकतंय कोण! दोघांनी त्याची गचांडी धरली आणि ओढत बाहेर नेला. पहिली थप्पड जिन्यातच वाजली.

जाता जाता मरियाबाईने लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं झालं तू हुतास, बाळा. न्हाईतर चोर घावलाच नसता."