स्वेच्छेने अनुपस्थित

‘डॉ. शिवानी उद्घाटनास स्वेच्छेने अनुपस्थित राहिल्या. क्वांटम संगणकाची चिप तांत्रिक दोषामुळे निकामी झाली.’ सोलापुरातल्या एका शिक्षणसंस्थेचा हा अधिकृत अहवाल. वाक्ये दोन, असत्येही दोन.

आधी स्वेच्छा पाहू. नखाएवढी ती चिप शिवानीने स्वतःच्या हातांनी घडवली होती. धुळीचा कणही तिला सोसत नसे, म्हणून शिवानी तिच्याजवळ मुखपट्टी बांधूनच वावरे. पती सिद्धू वारला, त्यानंतरही ती प्रयोगशाळेत येत राहिली. मैंदर्गीच्या सासरच्यांनी तिला काळीज नसलेली ठरवले. तिच्यापाशी उरली होती ती ही चिपच.

उद्घाटनाच्या सकाळी अध्यक्ष मल्लप्पांची पत्नी नीलम्मा पूजेचे ताट घेऊन आली.

“पोरी, तू जरा बाजूच्या खोलीत बस की. सवाष्णीच्या हातनं पूजा हाय. मनाला लावून घेऊ नगंस.”

“काकू, यंत्र उघडं आहे. चिपवर कुंकू पडलं तर सगळं संपलं.”

मल्लप्पा हसले. “आमी ट्रॅक्टरला लावतो, उसाच्या ट्रकला लावतो. कुटं काय बिघडतंय? डॉक्टर झाला म्हणून देवाचं वावडं व्हय तुमाला?”

“मग लावा. मला फक्त झाकण बसवू द्या. बसवते आणि जाते.”

“आणा की मग. बिगीबिगी आणा, मुहूर्त टळंल.”

झाकण त्याच बाजूच्या खोलीत होते. ती ते आणायला आत गेली आणि बाहेरून कडी पडली. संस्थेच्या शब्दकोशात स्वेच्छा म्हणतात ती हीच.

दाराच्या काचेतून तिला नीलम्माचे लाल बोट यंत्रात शिरताना दिसले. शिवानीच्या कपाळाला वर्ज्य ठरलेले कुंकू तिच्या चिपला लागत होते. झाकण छातीशी धरून ती दार बडवत राहिली, ओरडत राहिली. मग घंटा सुरू झाली आणि तिचा आवाज तिलाच ऐकू येईना.

चिप पुन्हा जागी झाली नाही. गावभर विधवेच्या पायगुणाची चर्चा झाली, प्रकल्प गुंडाळला गेला, शिवानीला कार्यमुक्त केले गेले. तिने चौकशी मागितली. दुसरे मागण्यासारखे काही राहिलेच नव्हते. समितीपुढे मल्लप्पा ताठ बसले. लपवण्यासारखे काही घडले आहे, असे त्यांना वाटतच नव्हते. त्यांचा जबाब शब्दशः असा:

“कडी मीच घातली. बाई आतनं वरडत व्हती, कुंकू लावू नका म्हणून. मला समदं ऐकू येत व्हतं. पण शुभ येळेला तसल्या बाईचा आवाज देवाच्या कानावर जाऊ नये, म्हणून मी घंटा लई जोरात वाजवली.”